आधी ताटातूट, मग युद्ध

पहिली गाडी बर्लिनहून निघाली १ डिसेंबर १९३८ ला. दुसरं महायुद्ध सुरू झालं १ सप्टेंबर १९३९ ला. मध्ये बरोबर नऊ महिने. एवढ्या अवधीत जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंडमधून जवळपास दहा हजार मुलं आई-वडिलांना मागे ठेवून इंग्लंडला पोचली. त्यातली सुमारे साडेसात हजार ज्यू होती. इतिहासात याला ‘किंडरट्रान्सपोर्ट’ म्हणतात. त्याबद्दल कुठेही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटतं: युद्धामुळे ही मुलं घरच्यांपासून दुरावली.

मला हे वाक्य पटत नाही. मुलं दुरावली तेव्हा युद्ध नव्हतं. टपाल चालू होतं, आगगाड्या चालू होत्या, बर्लिनमधली ब्रिटिश वकिलात उघडी होती आणि तिच्या दारात व्हिसासाठी माणसं रांगा लावून उभी होती. मूल गाडीत चढलं आणि आई फलाटावर राहिली, कारण मुलाच्या नावाचा कागद होता आणि आईच्या नावाचा नव्हता. युद्धानं नंतर येऊन फक्त दाराला कडी घातली.

हा कागद कसा तयार झाला ते बघण्यासारखं आहे. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनी-ऑस्ट्रियात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनामंदिरं, जाळली गेली, ज्यूंची दुकानं फुटली आणि सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना उचलून डाखाऊ, बुखेनवाल्ड, साक्सेनहाउसेनच्या छावण्यांत डांबलं गेलं. सहा दिवसांनी ब्रिटनमधल्या ज्यू पुढाऱ्यांचं एक शिष्टमंडळ पंतप्रधान चेंबरलेनना भेटलं. २१ नोव्हेंबरला हाउस ऑफ कॉमन्समध्ये चर्चा झाली. देशात बेकारी होती, परक्यांच्या लोंढ्याबद्दल लोकांच्या मनात कुरबुर होती, आणि गृहमंत्री सर सॅम्युअल होर यांनी ती सभागृहात बोलूनही दाखवली. त्यातून निघालेला तोडगा म्हणजे मुलं. सतरा वर्षांखालची. मुलं कुणाची नोकरी घेत नाहीत, आणि मुलांना नाही म्हणणं कुणालाच शोभत नाही.

होर यांनी त्या भाषणात आणखी एक गोष्ट सांगितली. आई-वडील मुलांना असं एकटं पाठवायला तयार होतील का, असं त्यांनी जर्मनीतली परिस्थिती पाहून आलेल्यांना विचारलं होतं. उत्तर आलं की जवळजवळ एकमतानं तयार आहेत. सभागृहाला ते उत्तर पुरलं. आई-वडिलांनाही घेऊन या, हा पर्याय त्या प्रश्नात नव्हताच.

सरकारनं पासपोर्ट-व्हिसाची अट मुलांपुरती सैल केली, पण पैसा काढला नाही. खर्च खाजगी संस्थांनी करायचा. काही महिन्यांतच वर प्रत्येक मुलामागे पन्नास पौंडांची हमी भरायची अट आली. ही रक्कम कशासाठी? मूल पुढे दुसऱ्या देशात रवाना करण्याच्या खर्चासाठी. म्हणजे मुलं इथे राहायला येतच नव्हती, मुक्कामाला येत होती. कागदोपत्री सगळ्यांनी असंच धरलं होतं की हे तात्पुरतं आहे.

अमेरिकेनं तेवढंही केलं नाही. फेब्रुवारी १९३९ मध्ये तिथे वॅग्नर आणि रॉजर्स या दोघा लोकप्रतिनिधींनी वीस हजार मुलांना दोन वर्षांत आणायचं विधेयक मांडलं. ते समितीतच गारठून मेलं. तेव्हा ब्रिटनला दोष देताना हात जरा आखडतो, हे खरंच. दहा हजार जीव वाचले, ही लहान गोष्ट नव्हे. पण आभार मानून झाल्यावर हिशेब विचारायला काय हरकत आहे?

व्हिएन्नाहून पहिली मोठी गाडी सुटली ती एका डच बाईमुळे. त्रुस वाइसमुलर. स्वतःला मूलबाळ नव्हतं. मुलं तिला ‘तान्ते त्रुस’ म्हणत, त्रुसमावशी. डिसेंबरच्या सुरुवातीला ती सरळ व्हिएन्नाला गेली आणि आइशमानसमोर जाऊन उभी राहिली. हो, ज्यूंच्या संहाराची पुढे व्यवस्था लावणारा नाझी अधिकारी, तोच आइशमान. तिनं पुढे सांगितलं आहे की त्यानं तिला हात दाखवायला लावले, बूट काढून खोलीत चालून दाखवायला लावलं. ज्यू आहे की काय ते पारखत होता. मग गंमत म्हणून की अडवणूक म्हणून, पण त्यानं अट घातली: सहाशे मुलं, आणि तीही शनिवारीच. शनिवार ज्यूंचा शब्बाथ, धार्मिक कुटुंबं त्या दिवशी प्रवास करत नाहीत. बाई परत आल्या त्या सहाशे मुलं घेऊनच. १० डिसेंबरला गाडी निघाली.

सामानाचे नियम ठरलेले होते. एक सुटकेस, मुलाला स्वतःला उचलता येईल एवढी. दहा मार्क. दागिना नाही, किमती वस्तू नाही. गळ्यात नंबराची पाटी, तोच नंबर सुटकेसवर. काही शहरांत आई-वडिलांना फलाटावर यायचीही मनाई होती. रडारड इतर प्रवाशांना दिसायला नको म्हणून निरोप प्रतीक्षागृहातच उरकायचा. त्या सुटकेसमध्ये कित्येक आयांनी वाढत्या अंगाचे कपडे भरले होते. मुलगा आठ वर्षांचा, शर्ट दहा वर्षांच्या मुलाचा, कोट बारा वर्षांच्याचा. आपल्याकडेही जून महिन्यात शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचाच घेतात, दोन वर्षं तरी चालावा म्हणून. निघताना त्याच आयांनी सांगितलं होतं, आम्ही थोड्याच दिवसांत मागून येतो. तोंडात एक होतं, हातानं भरलं होतं वेगळंच. मुलांना तेव्हा कपडे मोठे का आहेत ते कळलं नसणार.

फ्रँकफर्टची एक साडेदहा वर्षांची मुलगी, कारोला रूथ सीगल, ५ जानेवारी १९३९ ला अशाच एका गाडीत बसली. तिची गाडी इंग्लंडला नव्हती, स्वित्झर्लंडला होती. वडिलांना नोव्हेंबरमध्येच उचलून नेलेलं. छावणीतून त्यांचं पत्र आलं की तू गेलीस तर मला घरी येता येईल. दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर केवढं हे ओझं! तिला जायचं नव्हतं. ती गेली. निरोप द्यायला आई आणि आजी स्टेशनवर होत्या. गाडी हलल्यावर त्या बरोबर धावू लागल्या, तशी हिनं डब्यातल्या मुलांना गाणी म्हणायला लावलं. शेजारी एक तिच्याहून लहान मुलगी रडत होती, तिला आपली लाडकी बाहुली देऊन टाकली.

स्वित्झर्लंडमध्ये हायडन नावाच्या गावी एका अनाथाश्रमात ती राहिली. तिथे जर्मनीहून आलेल्या मुलींनी स्विस ज्यू मुलांचं करायचं असे. त्यांना आंघोळी घालायच्या, संडास घासायचे. मुलग्यांना माध्यमिक शाळेत धाडलं, मुलींना घरकामाचं शिक्षण. एका मुलाची शाळेची पुस्तकं ती रात्री लपून वाचायची. घरची पत्रं येत होती तोवर दिवस जात होते. सप्टेंबर १९४१ नंतर पत्रं थांबली. आई-वडिलांना पोलंडमधल्या लॉज शहरातल्या घेट्टोत, ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, नेलं होतं. तीच मुलगी पुढे अमेरिकेत डॉक्टर रूथ म्हणून घराघरांत ओळखली जाऊ लागली. चार फूट सात इंचाची, टीव्हीवर लैंगिक आयुष्याबद्दल बेधडक बोलणारी बाई. २०२४ मध्ये ती गेली. ती स्वतःला ‘होलोकॉस्टमधून’, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, ‘वाचलेली’ म्हणवून घेत नसे. ‘होलोकॉस्टमुळे अनाथ झालेली’ म्हणे.

इंग्लंडला गेलेल्या मुलांचं पुढे काय झालं, याला एक उत्तर नाही. काहींना जीव लावणारी माणसं मिळाली, काहींना फुकटची मोलकरीण हवी असणारी. पण डोव्हरकोर्टचं सांगायला हवं. हार्विच बंदराजवळची ही उन्हाळी सुटीची वसाहत. लाकडी खोल्या, उन्हाळ्यासाठीच बांधलेल्या, आणि १९३८ चा डिसेंबर कडाक्याच्या थंडीचा. मुलं अंगात कोट ठेवूनच जेवायला बसत. ज्यांना आधीपासून घर ठरलं नव्हतं ती इथे थांबत, आणि रविवारी घरं देऊ इच्छिणारी जोडपी यायची. मुलांना नीट भांग पाडून, बरे कपडे घालून टेबलांशी बसवायचं. जोडपी फिरून पाहायची. लहान, गोऱ्या केसांच्या मुली लगेच निवडल्या जात. चौदा-पंधरा वर्षांचे मुलगे रविवारमागून रविवार तिथेच. भाऊ एका घरी, बहीण दुसऱ्या, हे तर नेहमीचंच. मोठेपणी त्यातल्याच काहींनी याला गुरांचा बाजार म्हटलं आहे. पोरगं न खपलेला मुलगा म्हणून घरून आलेल्या कोटात बसून राहत असेल तेव्हा आईला पत्रात काय लिहीत असेल?

त्याचंही उत्तर मिळतं. लिहायचा की इथे छान आहे.

खरी गोष्ट पुढेच आहे. घरून येणाऱ्या पत्रांत मायेच्या चार ओळी झाल्या की एक कामाची ओळ असे: तिकडे कुणी हमी देईल का बघ. कुणाकडे स्वयंपाकीण, माळी, काही लागत असेल तर विचार. कारण आई-वडिलांना यायचे रस्ते अगदीच बंद नव्हते, फक्त फार अरुंद होते. कुणी पैशाची हमी दिली तर, किंवा बाईमाणूस असेल तर घरकामाच्या परवान्यावर. ब्रिटनमध्ये मोलकरणींची टंचाई होती. या परवान्यांवर सुमारे वीस हजार जण, बहुतांशी बायका, युद्धाआधी ब्रिटनमध्ये आल्या. व्हिएन्नातल्या डॉक्टरीणबाई, वकिलाची बायको, स्वतःच्या घरी कधी बादली न उचललेल्या, इंग्रजांच्या घरची न्हाणीघरं घासू लागल्या. मूल त्याच देशात, पण मालकिणीला घरात मोलकरणीचं पोर चालायचं नाही. आई एका गावी, लेक दुसऱ्या. तरी त्या नशीबवान.

मग दहा-बारा वर्षांची ही मुलं काय करत? दारोदार जात. नुकत्याच शिकलेल्या मोडक्या इंग्रजीत, मोठ्या घरांच्या घंटा वाजवून विचारत, माझी आई चांगला स्वयंपाक करते, माझे वडील बाग सांभाळतील, तुम्हाला माणूस हवं आहे का? अशा आठवणी एक-दोघांच्या नाहीत, पुष्कळांच्या आहेत. काहींना यश आलं. काहींचा व्हिसा मंजूर होऊन तिकीटही निघालं होतं, तारीख सप्टेंबर १९३९ ची. ज्यांना जमलं नाही त्यांनी पुढची साठ-सत्तर वर्षं एकच विचार केला, की आणखी एका दाराची घंटा वाजवायला हवी होती. साऱ्या जगाच्या सरकारांनी मिळून जे केलं नाही त्याचा अपराध एका पोरानं जन्मभर आपल्या शिरावर वागवला.

माझे आजोबा कोकणातून पुण्याला शिकायला आले आणि वार लावून जेवले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. पुढे त्यांचं सगळं मार्गी लागलं, स्वतःचं घर झालं, पण शेवटपर्यंत पानात दुसऱ्यांदा भात वाढून घेताना ते इकडेतिकडे बघत. आजी चिडायची, अहो घर तुमचं आहे, मागा की! परक्या घरी जेवणाऱ्याला एक गणित पाठ असतं: पुरे म्हणायचं, आवडलं म्हणायचं, मागायचं नाही. या निर्वासित मुलांनी लिहिलेल्या आठवणींत हे गणित पानोपानी दिसतं. सतत उपकारात असणं. हसतमुख राहावं लागणं. रात्री अंथरूण ओलं झालं की पहाटे उठून कुणाला कळायच्या आत चादर धुणं. अर्थात आजोबांना मे महिन्यात बोटीनं गावी जाता येत होतं, आणि दारात त्यांची आई उभी असे. तिथून पुढे माझी तुलना चालत नाही.

युद्ध सुरू झालं आणि पत्रं बंद झाली. शत्रूराष्ट्रांमध्ये टपाल जात नाही. उरला तो रेड क्रॉसचा निरोप. छापील फॉर्म, मजकूर जास्तीत जास्त पंचवीस शब्दांचा, फक्त घरगुती. तो जिनिव्हामार्गे जायचा, पोचायला महिने लागायचे, आणि उत्तर त्याच कागदाच्या पाठीवर यायचं. पंचवीस शब्द म्हणजे किती, हे कळेना म्हणून मी एकदा माझ्या मुलीच्या नावानं लिहून पाहिलं:

तू बरी आहेस ना? जेवतेस ना? थंडीत पायमोजे घालत जा. आम्ही ठीक. बाबांचा खोकला कमी आहे. काकूंना त्रास देऊ नकोस. अभ्यास कर. आई.

तेवीस झाले. दोन शब्द उरले आणि त्या दोन शब्दांवर मी बराच वेळ अडून बसले. मग कागद फाडून टाकला, कारण मुलगी आतल्या खोलीत मोठ्यानं टीव्ही लावून बसली होती आणि हे सगळं मला एकदम खोटं वाटायला लागलं. त्या आयांच्या निरोपांत शेवटी शेवटी एक मजकूर पुष्कळदा येई, की आम्ही आता प्रवासाला निघतो आहोत, पत्ता कळवू. पत्ता कधी आला नाही.

इंग्लंडमध्ये तोवर मुलं वाढत होती. जर्मन बोलणं आता धोक्याचं होतं. रस्त्यात जर्मन बोलू नका, अशी सूचना निर्वासितांना वाटलेल्या पुस्तिकेतच होती. सहा वर्षांचं पोर वर्षभरात सगळं विसरतं. मोठ्यांची गत निराळी. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडलं, ब्रिटनला जर्मन हेरांची धास्ती बसली आणि सोळा वर्षांवरचे जर्मन-ऑस्ट्रियन ‘शत्रुदेशीय’ म्हणून पकडले गेले. त्यात ज्यांना आपणच वाचवून आणलं तीही मुलं आली. सुमारे एक हजार जण. काहींना बोटीत घालून कॅनडाला नाहीतर ऑस्ट्रेलियाला धाडलं.

त्यात वॉल्टर कोन होता. व्हिएन्नाचा, वडिलांचा कलात्मक पोस्टकार्डं छापायचा व्यवसाय. ऑगस्ट १९३९ मध्ये, युद्धाला तीनेक आठवडे उरले असताना, तो इंग्लंडला आला. पुढच्या वर्षी सतराव्या वर्षी स्थानबद्ध, मग कॅनडा. छावणीत दिवसाला वीस सेंटच्या मजुरीवर झाडं तोडून साठवलेल्या पैशांतून त्यानं गणिताची आणि रसायनशास्त्राशी संबंध असलेल्या भौतिकीची पुस्तकं विकत घेतली. सुटका झाल्यावर टोरांटो विद्यापीठात गेला, तर रसायनशास्त्राच्या इमारतीत युद्धासाठीचं संशोधन चाललं होतं आणि शत्रुदेशाच्या नागरिकाला तिथे पाऊल टाकायची बंदी. मग गणित आणि भौतिकशास्त्र शिकला. १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्याला मिळालं. ही गोष्ट मी लोकांना सांगते तेव्हा सगळे हसतात, कॅनडाची चांगली जिरली म्हणतात. त्याच्या आई-वडिलांना तेरेझिनश्टाटच्या छावणीतून आउश्विट्झला नेऊन १९४४ मध्ये मारलं, हे मी त्यांच्या हसण्यानंतर सांगते. मुद्दाम.

१९४५ नंतर फार थोड्या मुलांना आई-वडील दोघंही परत मिळाले. जे मिळाले त्यांच्याबद्दलही आनंदीआनंद असं नाही. सहाव्या वर्षी सोडलेली मुलगी आता तेरा वर्षांची, इंग्रजी बोलणारी, चर्चमध्ये जाणारी, दुसऱ्याच बाईला मम्मी म्हणणारी. समोर छावणीतून आलेली, दात पडलेली, अनोळखी बाई. दोघींमध्ये बोलायला भाषा नाही, तिसरं माणूस बसवावं लागतं. आणि ज्या इंग्रज बाईनं सात वर्षं वाढवलं तिचं काय? तिच्या नावानं कुठेच काही नाही. या भेटींबद्दल मुलांनी लिहिलेलं वाचताना मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त जड गेलं.

ही मुलं पुढे पन्नास वर्षं गप्प होती. छावण्यांत जे मेले, जे तिथून जिवंत आले, त्यांच्यापुढे आपलं दुःख ते काय, आपल्याला तर घर मिळालं, दूध मिळालं, शाळा मिळाली. परत तेच गणित, पुरे म्हणायचं आणि मागायचं नाही. १९८९ मध्ये त्यांच्यातल्याच बर्था लेव्हर्टन यांनी लंडनला पन्नास वर्षांचा मेळावा भरवला, तेव्हा हजाराहून जास्त जण आले. आपल्यासारखे इतके आहेत हे अनेकांना तिथे कळलं.

त्याच्या आदल्या वर्षी निकोलस विंटन यांची गोष्ट टीव्हीवर आली. प्राग शहरातून ६६९ मुलांना बाहेर काढणारा लंडनचा शेअर दलाल. ते प्रेक्षकांत बसलेले, आणि आजूबाजूची सगळी माणसं उभी राहतात ती त्यांनीच वाचवलेली मुलं. आपल्या व्हॉट्सॲपवर हा व्हिडिओ दर काही महिन्यांनी फिरत येतो आणि मी दर वेळी रडते, त्याला इलाज नाही. प्रागमध्ये राहून प्रत्यक्ष निभावणाऱ्या डोरीन वॉरिनर आणि ट्रेव्हर चॅडविक यांचं नाव मात्र त्या फॉरवर्डमध्ये नसतं. १ सप्टेंबरला अडीचशे मुलांची शेवटची गाडी सुटायची होती, ती सुटलीच नाही, हेही नसतं. आणि ६६९ मुलांना गाडीत बसवून घरी परतलेली माणसं तर कुठेच नसतात.

लंडनला लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनच्या बाहेर या मुलांचं ब्राँझचं स्मारक आहे. भाऊ त्या भागात नोकरीला होता म्हणून माझं जाणं झालं. सामान घेऊन उभी पाच मुलं, मान वर करून बघताहेत. चौथऱ्यावर ऑफिसची माणसं दुपारचं सँडविच खात बसली होती, आणि त्यात वाईट वाटावं असं काही नव्हतं. शिल्पकार फ्रँक माइस्लर स्वतः अशाच गाडीनं डान्झिगहून ऑगस्ट १९३९ मध्ये आले होते. ते गेल्यावर तीनच दिवसांत त्यांच्या आई-वडिलांना अटक झाली. बर्लिन, डान्झिग म्हणजे आजचं गदान्स्क, हॅम्बुर्ग आणि हॉलंडच्या हुक बंदरातही त्यांनीच अशी शिल्पं उभी केली. सगळीकडे मुलं. प्रागच्या मुख्य स्टेशनवर मात्र २०१७ मध्ये एक वेगळं स्मारक झालं. जुन्या आगगाडीचं नुसतं दार. दाराच्या काचेवर एका बाजूनं मुलांचे पंजे उमटलेले, दुसऱ्या बाजूनं मोठ्यांचे. ते मी फोटोतच पाहिलं आहे. आई-वडिलांसाठी म्हणून उभारलेलं असं दुसरं काही माझ्या वाचनात नाही.

हा विषय निघाला की कुणीतरी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं नाव काढतंच, आणि काढावंही. १९४३ ते १९४८ या काळात तिथे जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ती मंडळी बहुतांशी कॅथलिक, सोव्हिएत युनियननं घराबाहेर काढून सैबेरियाकडे नेलेली, इराणमार्गे इकडे आलेली. अनाथ मुलंही त्यात होती, पण बऱ्याच बराकींत आई आणि मुलं एकत्र होती. चूल एक होती. इराणमध्ये त्यांच्याच बरोबर पोचलेली काही शेकडो ज्यू मुलं, बहुतेक आई-बाप गमावलेली किंवा मागे राहिलेली, पॅलेस्टाइनला जायची होती. इराकनं वाट दिली नाही. मग त्यांना बोटीनं कराचीला आणलं आणि तिथून अरबस्तानाला वळसा घालून सुएझला नेलं. फेब्रुवारी १९४३ मध्ये ती पोचली. एका शिक्क्यापायी मुलांनी अख्खा अरबी समुद्र ओलांडला.

लॉर्ड आल्फ डब्ज यांच्याबद्दल लिहून थांबते. विंटन यांच्या गाडीतून प्रागहून निघाले तेव्हा सहा वर्षांचे होते. आईनं पाठीवरच्या पिशवीत खायला बांधून दिलं होतं. दोन दिवसांच्या प्रवासात त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. वडील ज्यू, ते आधीच लंडनला निसटले होते आणि लिव्हरपूल स्ट्रीटला घ्यायला आले. आईला आधी परवानगी नाकारली गेली. ती पोचली ३१ ऑगस्ट १९३९ ला, पोलंडवर हल्ला व्हायच्या आदल्या दिवशी. दोन्ही पालक दिसलेल्या थोड्यांपैकी ते एक. पुढे मजूर पक्षाचे खासदार झाले, मग लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात गेले. २०१६ मध्ये युरोपात एकट्या अडकलेल्या निर्वासित मुलांना ब्रिटननं घ्यावं म्हणून त्यांनी कायद्यात दुरुस्ती करून घेतली. बोलणं तीन हजार मुलांचं चाललं होतं. सरकारनं ४८० वर आकडा गोठवून योजना बंद केली.

आणि आई-वडिलांचं कलम आजही आहे तिथेच आहे. ब्रिटनमध्ये आश्रय मिळालेल्या मोठ्या माणसाला बायको-मुलांना बोलावून घेण्याची वाट वर्षानुवर्षं नियमांत होती. एकट्यानं आलेल्या मुलाला आई-वडिलांना बोलावून घ्यायची वाट त्याच नियमांत कधी नव्हती. कारण दिलं जातं की अशी मुभा दिली तर लोक मुलांना पुढे पाठवतील. ब्रेक्झिटच्या वेळी डब्ज यांनी निदान एवढं मागितलं, की ज्या मुलांचं कुणी ब्रिटनमध्ये आहे त्यांचा युरोपातून तिथवर येण्याचा हक्क टिकवा. जानेवारी २०२० मध्ये लॉर्ड्सनं ती दुरुस्ती मंजूर केली. कॉमन्सनं लगेच दुसऱ्या दिवशी ती काढून टाकली. डब्ज तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे होते. त्यानंतरही ते त्याच मागणीसाठी सभागृहात उभे राहत आले आहेत.